सफरचंद की माफी? ‘संदर्भावरून कळतं’ या उत्तराविषयी

आजचं व्याख्यान एका शब्दावर आहे. शब्द कोरियन आहे, दोन अक्षरांचा: साग्वा. साग्वा म्हणजे सफरचंद. साग्वा म्हणजे माफी, किंवा अधिक नेमकं सांगायचं तर चुकीची कबुली देऊन केलेली क्षमायाचना. लिहायला सारखा, उच्चारायला सारखा. आणि कोरियन शिकणाऱ्याने विचारलं की ‘मग यातला नेमका कुठला, हे ओळखायचं कसं?’, तर त्याला जे उत्तर मिळतं ते तुम्हीसुद्धा ऐकलं असेल: ‘संदर्भावरून कळतं.’

हे उत्तर खोटं नाही. पण ते फार लवकर दिलं जातं आणि मग पुढचा विचार थांबतो. आज मला या उत्तराची जरा उलटतपासणी करायची आहे. शेवटी आपण ली छांग-डोंग या दिग्दर्शकाच्या एका चित्रपटापर्यंत जाऊ, कारण माझ्या मते या शब्दाचा सगळ्यात मोठा संदर्भ तिथे आहे.

आधी सोप्या गोष्टी. कोरियन शिकवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात आणि व्हिडिओत एक ठरलेली यादी असते. ‘नून’ म्हणजे डोळा आणि नून म्हणजे बर्फ, आकाशातून पडणारा. ‘पाम’ म्हणजे रात्र आणि चेस्टनट. ‘माल’ म्हणजे घोडा आणि बोलणं. ‘तारी’ म्हणजे पाय आणि पूल. ‘छा’ म्हणजे चहा आणि गाडी. आणि या यादीचा राजा म्हणजे ‘पे’: पोट, होडी, नासपती, शिवाय ‘दुप्पट-तिप्पट’मधला पट. मग एक गमतीचं वाक्य येतं की पेमध्ये बसून पे खाल्लं आणि पे दुखायला लागलं. सगळे हसतात, आणि संदर्भावरून कळतं असं सांगून धडा संपतो.

आता मला सांगा, या वाक्यात कोणी खरंच गोंधळलं का? नाही. पण का नाही? ‘संदर्भ’ असं मोघम म्हणण्याऐवजी नीट बघू. तिथे तीन-चार वेगवेगळी माणसं काम करताहेत.

पहिलं म्हणजे क्रियापद. बसायचं होडीत, खायची नासपती, दुखायचं पोटाने. क्रियापद आलं की बाकीचे अर्थ आपोआप बाहेर जातात. दुसरं म्हणजे मोजायचे शब्द. मराठीत आपण ‘एक चहा’ म्हणतो तसं कोरियनमध्ये सहसा चालत नाही, नगाला नगाचा शब्द लागतो. ‘छा हान जान’ म्हटलं की एक कप चहा. ‘छा हान दे’ म्हटलं की एक गाडी. ‘पे हान छक’ म्हणजे एक होडी, आणि ‘पे हान गे’ म्हणजे एक नासपती. म्हणजे दुकानात किंवा बंदरावर उभं राहिलं की गोंधळ व्हायला जागाच नाही.

तिसरं म्हणजे स्वराची लांबी. प्रमाण कोरियनच्या नियमाप्रमाणे डोळा असलेला नून ऱ्हस्व आणि बर्फ असलेला नून दीर्घ. घोडा ऱ्हस्व, बोलणं दीर्घ. रात्र ऱ्हस्व, चेस्टनट दीर्घ. लिपीत हा फरक दाखवत नाहीत आणि आजच्या तरुणांच्या बोलण्यातून तो जवळजवळ गेला आहे. दक्षिण-पूर्वेच्या क्यंगसांग भागात मात्र अजून सुरांच्या चढउतारावरून असे काही शब्द वेगळे ऐकू येतात. म्हणजे आपण ज्याला एक शब्द म्हणतो तो सगळीकडे एक नसतोच.

आपल्याकडेही हे चालतंच की. ‘नाव बुडाली’ आणि ‘नाव बुडालं’. पहिल्यात होडी गेली, दुसऱ्यात अब्रू गेली. दोन्हीत फरक कोणी केला? लिंगाने. क्रियापदाच्या एका शेपटाने. कोरियनमध्ये व्याकरणातलं लिंग नाही, म्हणून ते काम मोजायच्या शब्दांकडे आणि क्रियापदांच्या निवडीकडे जातं. प्रत्येक भाषा आपापल्या घरातलं माणूस या कामाला लावते.

तर माझा पहिला मुद्दा असा. या याद्या चुकीच्या शब्दांची भीती घालतात. पोट, होडी आणि नासपती हे तीन वेगळ्या गल्ल्यांत राहणारे एकाच नावाचे लोक आहेत. त्यांची एकमेकांशी गाठ पडत नाही. अडचण तेव्हा येते जेव्हा एकाच नावाचे दोघं एकाच वाड्यात राहतात आणि पोस्टमनला फक्त नाव माहीत असतं.

उदाहरण देतो. खेळाच्या बातम्यांत ‘यनफे’ असा शब्द येतो. एका यनफेचा अर्थ लागोपाठ हार. दुसऱ्याचा अर्थ लागोपाठ विजेतेपद. दोन्ही शब्द चिनी मुळाचे, अक्षरं वेगळी, पण कोरियन उच्चार एकच आणि आजच्या लिपीतलं रूपही एकच. मैदान तेच, संघ तोच, पानही तेच. ‘तीन यनफे’ एवढाच मथळा असेल तर संघाचं वाटोळं झालं की सोनं झालं? पुढे ‘यनफेमध्ये पडला’ असं आलं तर हार, ‘यनफे साधला’ असं आलं तर विजय. आणि पुढे काहीच नसेल तर तुम्हाला त्या संघाचा हंगाम आधीपासून माहीत पाहिजे. इथे ‘संदर्भ’ वाक्यात नाही. तो वाचणाऱ्याच्या खिशात आहे. खिसा रिकामा असेल तर वाक्य उघडत नाही.

असे शब्द कोरियनमध्ये इतके का, याचं कारण इतिहासात आहे. आपल्याकडे जसे तत्सम शब्द, तसा कोरियनच्या शब्दसंग्रहाचा फार मोठा भाग चिनी मुळाचा आहे. चिनीत हे उच्चार सुरांनी वेगळे होतात. कोरियनमध्ये आल्यावर सूर गळले आणि बरेच शब्द एकमेकांवर येऊन पडले. जोवर छापील मजकुरात चिनी अक्षरं होती तोवर डोळ्याला फरक दिसत होता. राजा सेजोंगने 1446 साली हंगुल लिपी जाहीर केली, पण फक्त हंगुल वापरायचं हे वळण छापील जगात फार उशिरा पक्कं झालं. ‘हांग्योरे’ हे दैनिक 1988 साली पहिल्या अंकापासून पूर्ण हंगुलमध्ये आणि आडव्या ओळींत निघालं, हीच तेव्हा मोठी गोष्ट होती. या बदलाने वाचन सामान्य माणसाच्या हातात आलं, हे निर्विवाद. त्याची किंमत एवढीच की फरक ओळखायचं जे काम आधी अक्षर करत होतं ते आता वाचकाने करायचं.

आणि वाचक ते करतोच असं नाही. 2022 च्या ऑगस्टमध्ये सोलमधल्या एका ठिकाणी वेबटून लेखकांचा सह्यांचा कार्यक्रम होता. ऑनलाइन नोंदणीत घोळ झाला. आयोजकांनी समाजमाध्यमावर निवेदन टाकलं आणि त्यात शब्द वापरले ‘शिमशिमहान साग्वा’. इथला शिमशिम चिनी मुळाचा आहे, अर्थ ‘अतिशय खोल’. म्हणजे ‘मनःपूर्वक क्षमायाचना’. पण रोजच्या कोरियनमध्ये शिमशिमहान म्हणजे ‘कंटाळवाणा’. मग लोक चिडले. आमचं नुकसान झालं आणि तुम्ही कंटाळवाणी माफी मागता? आम्हाला मुळीच कंटाळा आलेला नाही! त्यावर दुसरी बाजू चिडली: आजच्या पोरांना साधा शब्द कळत नाही, वाचन संपलं, देश बुडाला. त्याच्या दोन वर्षं आधी ‘साहुल’ या शब्दावरून असंच झालं होतं. साहुल म्हणजे तीन दिवस, पण ‘सा’ म्हणजे चार असल्यामुळे अनेकांनी सुट्टी चार दिवसांची धरली होती.

गंमत अशी की या सगळ्या भांडणात ‘साग्वा’ शब्दावर कोणीच अडलं नाही. कोणी असं म्हणालं नाही की आम्हाला अळणी सफरचंद कसलं देता. म्हणता आलं असतं, कारण शिमशिमहानचा तिसरा अर्थ ‘मीठ कमी असलेला’ असाही आहे. पण नाही. साग्वाचा संदर्भ पक्का होता, चूक झाली होती आणि समोरचा काहीतरी देणं लागत होता.

या प्रसंगात बहुतेकांनी तरुण वाचकांना दोष दिला. मला तो अर्धाच पटतो. शब्दकोश उघडायला हवा होता, मान्य. पण ‘शिमशिमहान साग्वा’ हा शब्दप्रयोग कुठे राहतो ते बघा. आईला उशीर झाल्याबद्दल कोणी शिमशिमहान साग्वा देत नाही. तो निवेदनात, पत्रकात, कॅमेऱ्यासमोर वाकून उभ्या असलेल्या अधिकाऱ्याच्या तोंडी राहतो. आपल्याकडच्या ‘झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’चा तो सख्खा भाऊ. वाचणाऱ्यांनी शब्दाचा अर्थ चुकीचा लावला, पण त्या वाक्यात कोणी खरं माणूस नाही हे त्यांना बरोबर जाणवलं असेल, अशी मला शंका आहे. कंटाळवाणी माफी! चुकीच्या अर्थातून कधी कधी अशी खरी टीका होऊन जाते.

आता चित्रपटाकडे. ली छांग-डोंगचा 2010 सालचा चित्रपट. इंग्रजीत त्याला ‘पोएट्री’ म्हणतात. कोरियन नाव एकाच अक्षराचं आहे: ‘शि’. मराठी कानाला ते वेगळंच ऐकू येतं, हसू नका. शि म्हणजे कविता. पण शि म्हणजे ‘वाजता’मधली वेळही, शहरही. आणि ‘शिशिन’, ‘शिछे’ या शब्दांतला पहिला शि म्हणजे प्रेत. चित्रपट सुरू होतो तो नदीवर. खेळणारी मुलं, वाहतं पाणी, आणि पाण्यावरून तरंगत येणारं एका शाळकरी मुलीचं शव. त्या शवाशेजारी पडद्यावर नाव उमटतं: शि. दिग्दर्शक सिनेमात येण्याआधी कादंबरीकार होता आणि त्याआधी शाळेत कोरियन भाषा शिकवायचा, एवढं फक्त ध्यानात ठेवा.

गोष्ट थोडक्यात. मीजा नावाची साठी ओलांडलेली बाई आहे. भूमिका युन जंग-ही या ज्येष्ठ अभिनेत्रीची. ती नातवाला सांभाळते, एका आजारी म्हाताऱ्याची सेवा करून पैसे मिळवते. तिला साधे शब्द आठवेनासे होतात. डॉक्टर सांगतात, अल्झायमर आहे, आधी नामं जातील, मग क्रियापदं. नेमकं त्याच वेळी ती कविता लिहायच्या वर्गात नाव घालते. आणि त्याच वेळी तिला कळतं की नदीतल्या त्या मुलीवर सहा मुलांनी महिनोनमहिने बलात्कार केला होता आणि त्यातला एक तिचा नातू आहे. बाकी पाच मुलांचे वडील हिशेब मांडून बसले आहेत: मुलीच्या आईला तीन कोटी वॉन द्यायचे, प्रत्येकी पन्नास लाख, आणि प्रकरण मिटवायचं. त्यांच्या बोलण्यात तडजोड आहे, रक्कम आहे, मुलांचं भविष्य आहे. साग्वा कुठे आहे?

साग्वा कवितेच्या वर्गात आहे. पहिल्याच तासाला शिक्षक खिशातून एक सफरचंद काढतात आणि विचारतात, हे तुम्ही आयुष्यात किती वेळा पाहिलंय? मग स्वतःच सांगतात की एकदाही नाही. खरं बघणं म्हणजे काय, हे ते त्या फळावरून समजावतात. मीजा घरी येऊन सफरचंद हातात घेऊन बघत बसते, आणि बघण्यापेक्षा हे खायलाच बरं, असं म्हणून मोकळी होते.

उपशीर्षकं वाचणाऱ्याला इथे एक फळ दिसतं. कोरियन प्रेक्षकालाही त्या क्षणी फळच ऐकू येतं. शिक्षकांच्या हातात फळ आहे, संदर्भ स्पष्ट आहे, दुसरा अर्थ दाराबाहेर. पण चित्रपट 139 मिनिटांचा आहे. ती मिनिटं जसजशी जातात तसं ते वाक्य मागून परत ऐकू यायला लागतं. तुम्ही आयुष्यात खरा साग्वा एकदाही पाहिलेला नाही. बसलेल्या वडिलांना हे लागू आहे. दूरदर्शनसमोर बसलेल्या नातवाला लागू आहे. मीजा त्या मुलीचा फोटो जेवणाच्या टेबलावर ठेवते, तो बघतो आणि नजर वळवतो.

मग तो प्रसंग येतो ज्यासाठी मी आज एवढं बोललो. मुलीच्या आईला भेटून मन वळवायला वडील लोक मीजाला पाठवतात. बाई बाईशी बोलेल म्हणून. मीजा शेतावर जाते. वाटेत झाडाखाली पिकलेल्या जर्दाळूंचा सडा पडलेला असतो. ती एक उचलते, चाखते, वहीत काहीतरी टिपते. पुढे शेतात त्या आईची भेट होते आणि मीजा तिच्याशी बोलते ते जर्दाळूंबद्दल, निसर्गाबद्दल, पिकाबद्दल. छान गप्पा होतात. ती निघते. थोडं चालून गेल्यावर तिच्या लक्षात येतं की आपण कशासाठी आलो होतो. तिचा चेहरा बघा तेव्हा. ती मागे वळत नाही.

साग्वा घेऊन गेलेली बाई फळाबद्दल बोलून परत आली. शब्दाचे दोन अर्थ होते, तिच्या हातात चुकीचा उरला.

आता आक्षेप. ‘हे तुम्ही ओढूनताणून काढताय. दिग्दर्शकाने असं कुठे म्हटलंय?’ दिग्दर्शकाच्या मनात काय होतं याबद्दल माझा काहीच दावा नाही. माझा दावा भाषेबद्दल आहे. कोरियन माणसाला हे दोन साग्वा एकमेकांजवळ ठेवायची सवय आहे. 24 ऑक्टोबरला तिथे अनेक शाळांमध्ये साग्वाचा दिवस पाळतात. दोन आणि चार: ‘दोघांनी’ आणि ‘सा’, म्हणजे चार, यावरची ती कोटी. ज्याला दुखावलं त्याला सफरचंद द्यायचं आणि माफी मागायची. म्हणजे मुलांच्या भांडणावर उपाय म्हणून हाच श्लेष शाळेत शिकवला जातो. शाळकरी मुलांच्या भयंकर गुन्ह्यावरच्या चित्रपटात शिक्षक सफरचंद उचलून धरतो आणि तो शब्द उच्चारतो, तेव्हा दुसरा अर्थ अगदीच झोपलेला असेल असं मला वाटत नाही.

ही परंपरा जुनीही आहे. सोळाव्या शतकातली सोंगदोची ह्वांग जिनी ही गणिका-कवयित्री घ्या. तिच्या एका प्रसिद्ध शिजोमध्ये डोंगरातला निळा झरा आणि माथ्यावरचा चंद्र आहे. कथा अशी सांगतात की झऱ्याचा शब्द हेच एका राजघराण्यातल्या पुरुषाचं नाव होतं, आणि ‘उजळ चंद्र’ हे तर तिचं स्वतःचं टोपणनाव. तिथे संदर्भ दोनपैकी एक अर्थ निवडत नाही. तो दोन्ही जागे ठेवतो. एकच निवडलात तर कविता गेली.

आता पुन्हा त्या साध्या प्रश्नाकडे येतो, आणि एक वाक्य देतो. ‘साग्वा पादात्ता.’ अर्थ: साग्वा मिळाला. सोलायचं असेल तर फळ, ‘केला’ असं असेल तर माफी. पण ‘मिळाला’? मिळतं दोन्ही. क्रियापद इथे मदत करत नाही. ‘एक नग’ असं म्हटलं असतं तर कळलं असतं, पण म्हटलेलं नाही. मग काय करायचं? विचारायचं की कोणाकडून मिळाला, आणि त्याआधी त्या दोघांत काय झालं होतं. म्हणजे शेवटी शब्दाचा अर्थ शब्दकोशात नसून दोन माणसांच्या मागच्या इतिहासात असतो. त्या मुलीच्या आईसमोर हे वाक्य ठेवून बघा. तिला काय मिळालं? तीन कोटी वॉनची बोलणी, आणि जर्दाळूंवरच्या गप्पा.

मराठीत हा चित्रपट आणायचा झाला तर ‘सफरचंद’ आणि ‘माफी’ एकमेकांना कुठेच भेटणार नाहीत. भाषांतरकाराचा त्यात दोष नाही, आणि उपशीर्षकाखाली तळटीप घालावी असंही माझं म्हणणं नाही. शिवाय शब्दांच्या पोटातही फरक आहे. आपण माफी ‘मागतो’, म्हणजे चेंडू समोरच्याच्या हातात. साग्वा शब्दातला ‘ग्वा’ म्हणजे चूक. तिथे आधी स्वतःची चूक उचलून पुढे धरायची असते, शिक्षकाने फळ धरलं तसं. म्हणूनच तो न धरता पैशाचं पाकीट पुढे करणं कोरियनमध्ये अधिक बोचतं.

तुमच्यापैकी कोणी कोरियन शिकत असतील, नोकरीसाठी किंवा मालिकांच्या वेडापायी, त्यांना एवढंच सांगेन. पे आणि नूनच्या याद्या घोकत बसू नका, ते शब्द आपलं आपण बघून घेतात. ‘संदर्भावरून कळतं’ असं कोणी म्हणालं की विचारा: कुठला संदर्भ? वाक्यातला, मोजायच्या शब्दातला, वाचणाऱ्याच्या खिशातला, की अजून यायचाय तो? आणि आज घरी गेल्यावर तो चित्रपट बघा. सफरचंदाच्या प्रसंगी आवाज थोडा वाढवा आणि उपशीर्षकावरून नजर काढा.

आता प्रश्न घेऊ.